थांबू शकणाऱ्यांचं बाकडं

काच पडायला लागली की पडू द्यायची, झेलायला जायचं नाही. काचेच्या धंद्यातला हा पहिला धडा. आपला काचवाला दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो कान धरून शिकवायचा. काच परत आणता येईल, बोटं कुठून आणणार, असं विचारायचा आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचा. आणि याच शहाण्या माणसानं त्या दिवशी सकाळी खिडकीची घसरती काच डावा हात पुढे करून झेलली. तळहात अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत आडवा चिरला. झेलली का म्हणाल, तर साहेबांचं लक्ष काचेवर नव्हतंच. संध्याकाळी बायकोशी काय बोलायचं, ते वाक्य ते मनातल्या मनात घोटत होते.

वाक्य तसं सरळ होतं. ही नोकरी सोड, नाहीतर मी मुलीला आणि आईला घेऊन ताईकडे राहायला जातो. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि वाक्य मूळचं तिचंच. आदल्या दिवशी फोनवर तिनं त्याला ते तयार करून दिलं होतं. तिला काय जातंय सांगायला! बोलायचं याला होतं, आणि बायकोसमोर आवाज चढवणं याला जन्मात जमलं नव्हतं. पण पाणी गळ्याशी आलं होतं, हेही तितकंच खरं.

ही बायको कोण ते आधी सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात ती सिस्टर. अंगानं लहानखुरी, चाल झपाझप, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी ऐकावं आणि मग विचार करावा. ती शिकाऊ होती तेव्हा एका वॉर्डाच्या खिडक्यांना काचा बसवायला एक हडकुळा माणूस आला होता. शिडीवरून तिच्याकडे बघण्याच्या नादात त्यानं हातोडी खाली औषधांच्या ट्रेमध्ये पाडली. तिनं सगळ्या वॉर्डादेखत त्याची अशी खरडपट्टी काढली की खाटांवरचे पेशंट उठून बसले. काचवाला म्हणतो, माझं लग्न तिथेच ठरलं. तिचं ठरायला आणखी बराच काळ जावा लागला, ही गोष्ट वेगळी.

सुरुवातीची वर्षं काय मजेची होती! ड्युटीवरून आली की ताटावर बसल्या बसल्या हिची टकळी सुरू. किल्ली गिळलेला माणूस, आणि त्याच्यापेक्षा कुलपाची काळजी करणारी त्याची बायको. पायाचं हाड मोडलेलं असताना बूट काढू देणार नाही म्हणून भांडणारी आजी. सगळ्यांचे आवाज काढून दाखवायची. सासूला हसता हसता ठसका लागायचा. रडायचीही तशीच. एखाद्या दिवशी उंबऱ्यातच बसून हमसाहमशी रडायची, मग तोंड धुऊन मुलीची वेणी घालायला बसायची. घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. हसणारं माणूस आहे, रडणारच.

मग या गोष्टी आटत गेल्या. विभागातली माणसं एकेक करून सोडून गेली आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. गर्दी मात्र वाढतच राहिली. वरच्या लोकांनी येऊन भिंतीवर ‘हसतमुख सेवा’ असं छापलेलं पोस्टर लावलं. माणसं मागितली होती, पोस्टर मिळालं! ही डबल ड्युट्या करायला लागली. घरी आली की अंगणात स्कूटर उभी करायची आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून स्कूटरवर बसून राहायची. सासू खिडकीतून बघायची आणि मुलाला विचारायची, आली ना ती, मग घरात का येत नाही? तो काय सांगणार, कपाळ! त्यालाच ते माहीत नव्हतं.

मुलगी सायकलवरून पडली, गुडघा फुटला, तर आई म्हणाली, “श्वास घेतेयस ना? मग झालं.” पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदाही हसले. पुढे पुढे ते घरातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर झालं आणि कोणी हसेनासं झालं. सासूची कंबर धरली, नवऱ्याचं मोठं काम हातचं गेलं, मुलीचं मैत्रिणीशी बिनसलं, सगळ्याला तेच औषध. शेवटी मुलगी न्हातीधुती झाली, तेव्हा तिनं ते आजीला सांगितलं. घरात सिस्टर असताना पोरगी आजीच्या खोलीत जाऊन कुजबुजली. हे काचवाल्याच्या कानावर आलं. हिचं आमच्यावरचं मनच उडालं, आता ती परत येत नाही, असं त्याला वाटलं आणि त्यानं ताईला फोन केला.

तर असा तो चिरलेला हात. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं तो पंच्यात गुंडाळला, गाडीवर मागे बसवून रुग्णालयाच्या फाटकाशी आणून सोडलं आणि स्वतःचं दुकान उघडं टाकून आलोय म्हणत परत पळाला. काचवाल्यानंही त्याला थांब म्हटलं नाही. आत बायको आहे, ती बघेल, असं त्याच्या मनात होतं. खरं सांगायचं तर थोडा आनंदच झाला होता त्याला. इतक्या वर्षांत त्यानं हा विभाग आतून पाहिलेला नव्हता. स्कूटर बिघडली की न्यायला यायचा, तोही फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा. घरचं माणूस आत नको, अशी तिची पहिल्यापासूनची शिस्त होती. आज हात कापला म्हणून का होईना, पण ती आपल्याकडे बघेल, “अरे देवा, काय करून घेतलंस” म्हणेल, दोन शिव्या देईल. दोन शिव्यांसाठी माणूस किती आसुसू शकतो!

अपघात विभागाचं दार रुंद, कायम उघडं. दारातून आत आलं की समोर छातीएवढं उंच टेबल, आणि टेबलामागे ती उभी. खुर्ची होती, पण तिच्यावर पट्ट्यांचे खोके ठेवलेले. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचं आणि आधी कोण, मग कोण ते ठरवायचं, हे तिचं काम. ठरलं की मनगटावर पट्टी: लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे लवकरच, हिरवी म्हणजे थांबू शकतो. काचवाला टेबलाशी गेला. तिनं पंचा सोडला, जखम पाहिली, बोटांची टोकं एकेक करून दाबली, हलवायला सांगितली, मुंग्या येतात का विचारलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. लग्नात धरला होता तोच हात तिनं हातात धरला होता. तिनं जाड गॉज ठेवून घट्ट बांधलं, मनगटावर हिरवी पट्टी चढवली आणि म्हणाली, “हात वर धरून ठेवा, काका. त्या बाकड्यावर बसा. वेळ लागेल.”

काका! सख्ख्या बायकोनं माणसाला काका म्हणावं! त्यानं तोंड उघडलं, पण ती केव्हाच मागच्या माणसाकडे वळली होती. चेष्टा करतेय का, म्हणून तो क्षणभर रेंगाळला. चेष्टा नव्हती. ज्या हाताला ती आता धरत होती तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि काचवाला तिच्या लेखी बाकड्यावर बसलेलाही होता. मग तो खरंच जाऊन बसला. कान तापले होते. हात दुखत होता त्याच्यापेक्षा भलतंच काही दुखत होतं. बस, ठरलं, तो मनाशी म्हणाला, आज ते वाक्य बोलायचंच. घरी नको, इथेच बोलायचं.

बाकड्यावर त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या, घोटा मुरगळलेल्या. बाई सकाळपासून बसलेल्या आणि सगळ्या विभागावर नाराज. नंबर वगैरे काही पाळतच नाहीत इथे, मागून येणाऱ्यांना पुढे घेतात, असं त्यांनी काचवाल्याला ऐकवलं. त्याचं म्हणणंही काही वेगळं नव्हतं. तोही हूं म्हणाला.

तेवढ्यात दारात एकच गलका झाला. एक दांडगा माणूस बोट मोडलं म्हणून बोंबलत आत आला, त्याच्या मागे त्याचे भाऊ, भावांच्या मागे भावांचे मित्र. डॉक्टरला बोलवा, आम्ही कोण आहोत माहीत आहे का, हे सगळं यथासांग झालं. त्या घोळक्याच्या मागे एक बाई चालत आली. चाळिशी उलटलेली, खांद्याला भाजीची पिशवी, नीटनेटकी. कुणाला धक्का लागू नये म्हणून कडेनं उभी राहिली आणि आपला नंबर येण्याची वाट बघू लागली. काचवाल्यानं तिला पाहिलं आणि पुन्हा दांडग्याकडे बघायला लागला. सगळेच तिकडे बघत होते.

त्याची बायको तिकडे बघत नव्हती. ती टेबलामागून निघाली ती घोळक्यातून अशी आरपार गेली की भाऊ आणि मित्र आपोआप बाजूला झाले. त्या बाईच्या मनगटाला तिनं हात लावला मात्र, दुसऱ्या हातानं ट्रॉली ओढली होती. बाई म्हणत होती की काही नाही हो, जरा मळमळतंय, जबडा दुखतोय, पित्त असेल. बोलता बोलता ती आडवी झालेली होती आणि भाजीची पिशवी अजून जमिनीवर टेकायची होती. मनगटाला लाल पट्टी. दांडग्यानं विचारलं, ही मागून आली तरी पुढे कशी? शाळामास्तरीण म्हणाल्या, बघा, मी सांगितलं नव्हतं? त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नाही तोच ट्रॉलीवरच्या बाईची मान कलली आणि पित्त वगैरे सगळं थांबलं. तिचं हृदय बंद पडलं होतं.

ट्रॉलीभोवती पडदा ओढला गेला, आणि पुढचं काचवाल्यानं पाहिलं ते पडद्याच्या फटीतून. ते त्याला जन्मभर पुरेल. त्याच्या बायकोनं एक पाय ट्रॉलीच्या दांडीवर ठेवला आणि ती वर चढली. त्या अनोळखी बाईच्या शेजारी गुडघे टेकून, कोपर ताठ करून, सगळं अंग हातांत आणून ती छाती दाबायला लागली. मोजत होती, मोठ्यानं, एका लयीत, आणि मोजता मोजता मध्येच कुणाला औषध सांगत होती, कुणाला बाजूला सारत होती, चष्मेवाल्या तरुण डॉक्टरला मशीन आणायला लावत होती. तो पोरगेला डॉक्टर तिच्या आवाजाला धरून काम करत होता. आवाज चढला नव्हता. “लांब व्हा,” ती म्हणाली, खाली उतरली, सगळे हात मागे झाले, बाईचं अंग एकदा उडालं. ती पुन्हा वर चढली. मग थांबली, दोन बोटं मानेवर ठेवली आणि वाट पाहिली.  बोट मोडलेला दांडगासुद्धा मोडलेलं बोट दुसऱ्या हातात धरून गप्प उभा होता.

थोड्या वेळानं पडद्याआडून एक बारीक आवाज आला. “माझी पिशवी कुठाय?”

काचवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मेलेली बाई भाजी विचारत होती. आणि ज्या बाईनं तिला ओढून परत आणलं होतं तिनं खाली वाकून पिशवी उचलली, ट्रॉलीच्या पायाशी ठेवली, हात धुतले आणि परत टेबलामागे येऊन उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या माणसाला तिनं विचारलं, कधीपासून दुखतंय? शाळामास्तरणींनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवसभरात नंबराचं नाव काढलं नाही. काचवाल्यानं खाली आलेला हात पुन्हा वर धरला. ही आपल्या घरी कपडे वाळत घालते, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तास गेले. माणसं येत राहिली. त्यानं बघितलं, ती कुणाशी ओरडून बोलली नाही आणि कुणाशी गोडही बोलली नाही. दुपारी गॅरेजमध्ये काम करणारा एक माणूस, हाताला काळं तेल तसंच, म्हाताऱ्या वडिलांना दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला. ती आणि डॉक्टर पडद्याआड गेले आणि लगेच बाहेर आले. डॉक्टर दोन पावलं मागेच राहिला. ती त्या माणसाजवळ गेली, त्याला खाली बसवलं, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि त्याचं मनगट धरलं. “तुमचे वडील गेले,” ती म्हणाली. “इथे पोचायच्या आधीच गेले होते. तुम्ही उशीर केला नाहीत.”

माणूस बघतच राहिला, आणि मग त्याचा बांध फुटला. ती उठली नाही. तो रडत होता तोवर मनगट धरून बसली. काचवाल्यालाही भडभडून आलं. अगदी अचूक बोलली होती ती. त्या माणसाला जे आयुष्यभर आतून खात राहिलं असतं ते तिनं एका वाक्यात उपटून टाकलं होतं. आणि नेमकं तेव्हाच काचवाल्याच्या ध्यानात ती गोष्ट आली. ती त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्याच्या छातीवर होती, वरखाली होणाऱ्या. मग त्यानं नीट लक्ष ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाची ती चाल बघायची, ओठांचा रंग बघायची, मान, छाती, नखं. ओठांच्या वर तिची नजर जातच नव्हती. कुणाच्याच डोळ्यांत नाही. सकाळी आपला हात बघितला आणि मानेपर्यंत येऊन ती नजर परत फिरली असणार, हे त्याला कळलं.

बाकडं रिकामं होत होत शेवटी तोच उरला. ती त्याच्याकडे आली, हिरवी पट्टी बघितली, बांधलेलं फडकं तपासलं. आता टाके घालू या म्हणाली. उठवायला दंडाला हात लावला आणि प्रत्येकाला विचारतात ते विचारलं.

“बरोबर घरचं कोण आहे, काका?”

सकाळपासून घोटलेलं वाक्य त्याच्या तोंडात होतं. ते आलंच नाही बाहेर.

“तू आहेस,” तो म्हणाला.

तिचा हात दंडावरच राहिला. मग ती नजर हळूहळू वर आली, गळ्यावरून हनुवटीवर, हनुवटीवरून वर, फार दिवस वापरात नसलेल्या जिन्यानं माणूस चढतं तशी. डोळ्यांपर्यंत पोचली आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला. चष्मेवाला डॉक्टर टाके घालायला सामान घेऊन आला, तर सिस्टर भिंतीला टेकून उभ्या, आणि पेशंट त्यांना सांभाळतोय. त्याला काही कळेना. हे माझे मिस्टर आहेत, असं तिनं सांगितल्यावर तर त्याला आणखीच कळेना, कारण सकाळपासून हा माणूस समोर बसलेला त्यानंही पाहिला होता. बिचाऱ्यानं खाली मान घालून टाके घातले, आणि चांगले घातले.

ती शेजारी स्टुलावर बसली होती. तिचे हात मांडीवर नुसतेच पडून होते. ते हात, ज्यांनी सकाळी एक थांबलेलं हृदय चालू केलं होतं. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली की मी तुला काका म्हटलं. हो, म्हटलंस, तो म्हणाला, आणि केस पिकलेत माझे, त्यात काय. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. सांगायला लागली, तुटक तुटक. मागे कधीतरी एक मुलगी आणली होती, आपल्या मुलीसारखीच दोन वेण्या घातलेली. ती वाचली नाही. त्या मुलीचा चेहरा हिच्याबरोबर घरी आला. त्याच्यामागून आणखी आले. मुलीला वेणी घालायला बसली की तो चेहरा मध्ये यायचा. म्हणून तिनं वेणी घालणं सोडलं, आणि मग इथे चेहरे बघणंच सोडून दिलं. काम काही अडलं नाही. उलट हात आणखी झपाझप चालायला लागले.

“दारातून बाहेर पडलं की परत बघायला लागायचं, असं ठरवलं होतं,” ती म्हणाली. “पण ते सुरूच होईना रे. स्कूटरवर बसून वाट बघायची मी. म्हणायची, आता होईल सुरू, मग आत जाईन.”

 इतके दिवस खिडकीतून ते हेल्मेट बघून काचवाल्यानं काय काय अर्थ काढले होते! घरातली माणसं नकोशी झालीत, म्हणून आत येत नाही, असं धरून चालला होता. ती बाहेर बसून घरात येण्याचीच धडपड करत होती. त्याला गलबलून आलं. त्यानं तिला सांगून टाकलं की आज मी तुला नोकरी सोड म्हणणार होतो, नाहीतर सगळ्यांना घेऊन ताईकडे जाणार होतो.

ती म्हणाली, मग म्हण.

“आता कुठल्या तोंडानं म्हणू?” तो म्हणाला. “मी बघितलं ना तुला.”

मात्र तिला चालू दे असंही त्याला म्हणवेना. सकाळपासून जे पाहिलं होतं त्यानं त्याची छाती दडपली होती, आणि त्याची केवढी किंमत ती मोजत होती तेही त्याला दिसलं होतं. माणसानं करावं तरी काय?  पण ती उठली आणि विभागाच्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. तो दारातच राहिला. या मॅडम म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. चष्मेवाला डॉक्टर त्यांना नुसतं दुरून बघूनच सरळ उभा राहायचा. तिनं प्रस्तावना केली नाही. मी आज माझ्या नवऱ्याला ओळखलं नाही, एवढंच बोलली.  मग मॅडमनी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस?

“श्वास चालू होता ना, मॅडम,” ती म्हणाली.

मॅडम उठल्या. खुर्चीच्या पाठीवरचा ॲप्रन अंगात घालून त्या स्वतः बाहेर आल्या आणि तिच्या जागी, उंच टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. घरी जा, त्या म्हणाल्या, मी बोलवेपर्यंत येऊ नकोस, आणि बोलवलं तरी दारात उभं करणार नाही तुला, आधी बोलू आपण. तिनं विचारलं की इथे मग कोण? मॅडम म्हणाल्या, मी काय पोस्टर आहे? काचवाल्यानं एवढ्या मोठ्या बाईंना पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण त्यांचे डोळे भरले होते हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याही कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत असतील का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. फाटकाबाहेर नेहमीची वर्दळ, रिक्षावाल्यांची भांडणं, फळांच्या गाड्या. रस्ता ओलांडून ते पलीकडे आले. इथे तो उभा राहायचा इतकी वर्षं, हे त्यानं तिला दाखवलं. तिनं त्याला तिथेच थांबवलं. थांबवलं म्हणजे काय, हनुवटीला धरलं आणि तोंड उन्हाकडे फिरवलं, पेशंटचं फिरवतात तसं. आणि बघायला लागली. कपाळ बघितलं, डोळ्यांखाली बघितलं, गालावरचा जुना व्रण बघितला. येणारे जाणारे वळून बघत होते. त्याला अवघडल्यासारखं झालं, तरी तो हलला नाही.

तिचा अंगठा त्याच्या वरच्या ओठावर येऊन थांबला.

“मिशी कधी काढलीस?”

त्याच्या लक्षातच नव्हतं ते आता. थंडी सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी, सहज लहर आली म्हणून काढली होती. मुलगी किंचाळली होती, आई आठवडाभर हसत होती, दुकानात गिऱ्हाइकांनी मालक कुठे गेले म्हणून त्यालाच विचारलं होतं. एका माणसाची तो वाट बघत राहिला होता, ते माणूस काही बोललं नव्हतं. मग तोही विसरला होता.

“झाले बरेच दिवस,” तो म्हणाला.

ती रडायला लागली. भर रस्त्यात, उभ्या उभ्या, उंबऱ्यात बसून रडायची तशी. हनुवटी मात्र तिनं सोडली नाही. भरल्या डोळ्यांनी बघत राहिली. त्यानं टाके घातलेला हात वर धरला आणि तिला बघू दिलं.